नवीन संकेतस्थळांच्या निष्फळ जाहिरात पद्धती

ज्या ऑनलाइन जाहिरातीमुळे भेटींचा, फॉलोअरचा किंवा पाठवलेल्या संदेशांचा आकडा वाढतो, परंतु चौकशी, नोंदणी किंवा विक्री वाढत नाही, ती जाहिरात निष्फळ मानली जाते. नव्या संकेतस्थळाचा मालक अशा जाहिरातीकडे सहज ओढला जातो. कारण आरंभी ग्राहक नसतात आणि आकडा मात्र लगेच विकत मिळतो. मुंबईच्या उपनगरांतील शिकवणी वर्ग, घरगुती फराळ, दुरुस्ती सेवा अशा छोट्या व्यवसायांच्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्यांची वाया जाणारी रक्कम लहान दिसली, तरी ती मूळ भांडवलातून जाते.

पार्श्वभूमी

२७ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेतील हॉटवायर्ड या संकेतस्थळावर जाहिरातपट्ट्या झळकल्या. त्यांपैकी एटी अँड टी कंपनीच्या पट्टीवर पाहणाऱ्यांतील सुमारे ४४ टक्के लोकांनी टिचकी मारली, असे सांगितले जाते. नवलाई ओसरल्यावर अशा पट्ट्यांचे हे प्रमाण सर्वसाधारणपणे एक टक्क्याच्याही खाली आले. वाचकाची नजर जाहिरातीसारखा दिसणारा भाग टाळते, हे बेनवे आणि लेन या संशोधकांनी १९९८ साली मांडले; या सवयीस 'बॅनर-अंधत्व' म्हणतात.

भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. पुढच्याच वर्षी मुंबईत व्ही. एस. एस. मणी यांनी जस्टडायल ही सेवा काढली. तिचे मुख्यालय मालाड येथे आहे. आरंभी ही सेवा दूरध्वनीवर चाले. ग्राहक स्वतः फोन करून हवी ती सेवा विचारी आणि उत्तरादाखल त्याला व्यावसायिकांची नावे मिळत. येथे गरज आधी व जाहिरात नंतर येते. निष्फळ पद्धतींत हा क्रम उलटा असतो.

प्रमुख निष्फळ पद्धती

घाऊक संदेश : अनोळखी व्यक्तींचे पत्ते विकत घेऊन ई-मेल किंवा मोबाइल संदेश पाठवणे. पहिला घाऊक जाहिराती ई-मेल गॅरी थ्यूर्क यांनी ३ मे १९७८ रोजी अर्पानेटच्या सुमारे ४०० वापरकर्त्यांना पाठवला, तेव्हाही त्यावर तक्रारी झाल्या. आज तक्रारी वाढल्या, की पाठवणाऱ्याचे पुढील ई-मेल 'स्पॅम' कप्प्यात पडू लागतात. त्यामुळे जुन्या ग्राहकाला पाठवलेली पावतीही त्याच्या नजरेस न पडण्याचा धोका असतो.

विकतच्या भेटी : 'ठरावीक रकमेत एक लाख भेटी' अशा योजनांतील बऱ्याच भेटी माणसांच्या नसून स्वयंचलित प्रोग्रॅमच्या असतात. आलेख उंच जातो, दूरध्वनी मात्र वाजत नाही. शिवाय खऱ्या व खोट्या भेटी एकत्र मिसळल्याने लोक कोणते पान वाचतात, हे मालकाला समजत नाही.

विकतचे दुवे व शब्दांचा भडिमार : इतर संकेतस्थळांवर पैसे देऊन दुवे लावणे आणि एकच शब्द पानात पुन्हापुन्हा भरणे, हे पूर्वी शोधक्रमात वर येण्याचे मार्ग होते. पानाच्या संकेतलेखनात दडवलेल्या कीवर्ड यादीचा आपण उपयोग करत नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये स्पष्ट केले. एप्रिल २०१२ मधील 'पेंग्विन' बदलानंतर बनावट दुव्यांची संकेतस्थळे क्रमात खाली गेली. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगल स्वतः सांगते. तरीही अशी हमी विकली जाते.

उसळत्या खिडक्या : पान उघडताच मजकूर झाकणारी जाहिरात वाचकाला परत पाठवते. मोबाइलवर असा अडथळा आणणाऱ्या पानांचा क्रम खाली जाऊ शकतो, असे धोरण गूगलने जानेवारी २०१७ पासून लागू केले.

खोटे अभिप्राय व फॉलोअर : विकत घेतलेले फॉलोअर ग्राहक नसतात. खोटा अभिप्राय तर ग्राहकाची फसवणूकच ठरतो आणि एकदा उघड झाल्यावर खऱ्या अभिप्रायांवरचाही विश्वास उडतो.

क्षेत्रनिवडीतील चूक

खऱ्या व वैध माध्यमातील जाहिरातही चुकीच्या मांडणीमुळे वाया जाते. नकाशावर वर्तुळ आखून जाहिरात दाखवण्याची सोय याचे उदाहरण आहे. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये सरळ रेषेत सुमारे १२ किलोमीटर अंतर आहे. परंतु मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल पसरले आहे. बोरिवली पश्चिम रेल्वेवर, तर मुलुंड मध्य रेल्वेवर असल्याने लोकलने दादरला गाडी बदलून यावे लागते. बोरिवलीतील शिकवणी वर्गाने १५ किलोमीटरचे वर्तुळ आखले, तर कधीही न येणाऱ्या मुलुंडकरांच्या टिचक्यांचेही पैसे भरावे लागतील. अशा वेळी कांदिवली, दहिसर अशी लगतची उपनगरे नावाने निवडणे अधिक योग्य.

गूगलच्या जाहिरातसेवेत मूळ मांडणीनुसार त्या भागाविषयी केवळ रस दाखवणाऱ्या बाहेरगावच्या व्यक्तींनाही जाहिरात दिसू शकते. ती मांडणी बदलता येते. तसेच वर्गाच्या जाहिरातीतून 'शिक्षक नोकरी' यांसारखे शोधशब्द वगळले नाहीत, तर विद्यार्थ्यांऐवजी नोकरी शोधणारे येतात.

कायदेशीर बाजू

अवांछित व्यावसायिक दूरध्वनी व संदेश यांवर दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे नियम लागू आहेत. ग्राहक १९०९ या क्रमांकावर तक्रार करू शकतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस १० लाख रुपयांपर्यंत, तर पुन्हा तसे केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले.

परिणाम मोजण्याची रीत

एकूण खर्चाला मिळालेल्या चौकशींनी भागल्यास एका चौकशीचा खर्च निघतो. समजा, ३,००० रुपयांत एक लाख भेटी मिळाल्या व दोन चौकशी आल्या; म्हणजे प्रत्येक चौकशी १,५०० रुपयांना पडली. तेवढ्याच रकमेत १५ रुपयांप्रमाणे २०० टिचक्या मिळून सहा चौकशी आल्या, तर हा खर्च ५०० रुपये होतो. भेटी पाचशे पटींनी कमी असूनही दुसरी जाहिरात सरस ठरते. प्रत्येक ग्राहकाला 'आमची माहिती कोठून मिळाली?' असे विचारून वहीत नोंद ठेवली, तरी हा हिशेब मांडता येतो.

पर्याय

गूगलवरील व्यवसाय नोंदणी विनामूल्य असून तीत पत्ता, वेळ व दूरध्वनी देता येतो. लोक कोणते शब्द शोधून संकेतस्थळावर आले, हे सर्च कन्सोल या विनामूल्य साधनाने कळते. मराठी मजकूर चित्रात किंवा जुन्या फाँटमध्ये न ठेवता युनिकोडमध्ये लिहिल्यास तो शोधात सापडणे सोपे होते. दर, सेवेचा परिसर व वेळ पहिल्याच पानावर दिल्यास जाहिरातीवाचूनही चौकशी येऊ शकते. सशुल्क जाहिरात करायचीच असल्यास प्रथम लहान रक्कम व ठरावीक मुदत निश्चित करून एका चौकशीचा खर्च तपासावा. सशुल्क सूचीतील नोंदणीलाही हीच कसोटी लावावी.