छत खालच्याचं, फरशी वरच्याची

बाथरूमच्या छतावर ओल दिसली, गिलाव्याचे पोपडे निघायला लागले, की वरच्या मजल्यावरचं कुटुंब दोषी ठरतं. मग सेक्रेटरीकडे तक्रार जाते, व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडतात आणि लिफ्टमध्ये बोलणं बंद होतं. पाणी नेमकं कुठून येतंय, हे मात्र अजून कोणी पाहिलेलं नसतं. त्रासदायक शेजारी असतात, याबद्दल वाद नाही. पण आधी कारण शोधावं, मग जबाबदारी ठरवावी आणि शेवटी दाद कुठे मागायची ते बघावं, हा क्रम आपण उलटा करतो. म्हणून सहज मिटली असती अशी भांडणं वर्षानुवर्षं चालतात. हा क्रम उलटण्यामागे काही पक्के गैरसमज आहेत.

ओल दिसते त्याच्या बरोबर वरूनच पाणी येतं, हा त्यातला पहिला. पाणी उताराने वाहतं. स्लॅबमधल्या फटीतून किंवा विजेच्या वायरींच्या नळीतून वाट काढत ते उगमापासून बरंच लांबही बाहेर पडतं. त्यामुळे ओल कुठे आहे यापेक्षा ती केव्हा वाढते हे अधिक सांगून जातं. चोवीस तास सारखीच असेल तर भिंतीत गाडलेली, दाब असलेली पाण्याची लाइन तपासावी. सकाळच्या आंघोळी आटोपल्यावर वाढत असेल तर नहाणी ट्रॅप किंवा फरशीचे सांधे. फक्त पावसाळ्यातच येत असेल तर बाहेरच्या भिंतीच्या भेगा, खिडकीची चौकट किंवा गच्ची. खात्री करून घेण्याची पद्धतही साधी आहे. नहाणी ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करून बाथरूममध्ये दोनेक इंच पाणी दिवसभर साठवून ठेवायचं आणि खाली काय होतं ते बघायचं. पाण्यात रंग टाकला तर शंकेला जागाच उरत नाही. नळाच्या लाइनची चाचणी प्लंबर पंपाने दाब देऊन करतात. दोन्ही चाचण्या एकाच वेळी करू नयेत, नाहीतर उत्तर मिळूनही ते कशाचं हे कळत नाही.

कारण कळलं की जबाबदारी जवळपास आपोआप ठरते, कारण सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी ती वाटून दिलेली आहे. पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरचे सामायिक पाइप आणि सांडपाण्याच्या लाइनी यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायची. संडास-बाथरूम, सिंक अशा आतल्या गोष्टींमुळे होणाऱ्या गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकाचा, पण त्यातही सोसायटीने मध्यस्थी करायची. त्यामुळे ‘तुमचं तुम्ही आपसात मिटवा’ असं सांगून कमिटीला हात झटकता येत नाहीत. दुरुस्तीची गरज आहे का हे पाहण्यासाठी पूर्वसूचना देऊन सभासदाच्या घरात जाण्याचा अधिकार उपविधींनी कमिटीला दिला आहे. वरचे दार उघडत नाहीत म्हणून खालच्यांनी जिन्यात भांडण्याची गरज नाही. ते दार रीतसर उघडून घेणं कमिटीचं काम आहे.

आवाजाबाबतही हीच गल्लत होते. गाण्याचा आवाज हवेतून येतो, तर खुर्ची ओढल्याचा किंवा खलबत्त्याचा आवाज काँक्रीटमधून. स्लॅब, बीम आणि कॉलम एकसंध असल्यामुळे हा दुसरा आवाज शेजारच्या किंवा तिरक्या वरच्या घरातून येऊनही थेट डोक्यावर झाल्यासारखा वाटतो. तिथे चुकीच्या दारावर बेल वाजवली जाते आणि निरपराध माणूस दुखावतो. खुर्च्या-टेबलांच्या पायांना फेल्टचे तुकडे किंवा रबरी टोप्या लावल्या की यातला बराच त्रास कमी होतो. ही विनंती करायला कोणताही कायदा लागत नाही.

पण रात्री दहापर्यंत कितीही आवाज केला तरी चालतो, असं छातीठोकपणे सांगणारे शेजारी असतात. ते चूक आहे. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात मर्यादा दिवसाही आहे. सकाळी सहा ते रात्री दहा 55 डेसिबल आणि त्यानंतर 45. खासगी जागेतल्या साउंड सिस्टिमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर परिसराच्या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलहून अधिक जाता कामा नये, असंही हे नियम सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये नको असलेल्या आवाजापासून मुक्त राहणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तरी पहाटेच्या कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, लहान मुलांची पळापळ हे घराघरातलं जगणं आहे. त्यावर कायद्याचा उतारा शोधणं मला अन्यायाचं वाटतं.

तिसरा गैरसमज बहुमताचा. वार्षिक सर्वसाधारण सभेत हात वर झाले की काहीही ठरवता येतं, असं मानून कुत्री पाळायला बंदी, अविवाहित भाडेकरूंना मज्जाव, त्रास देणाऱ्याचं पाणी बंद, असे ठराव केले जातात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताने पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. घर भाड्याने देताना सोसायटीला कळवावं लागतं, पण तिची परवानगी आदर्श उपविधी मागत नाहीत. भाड्याने दिलेल्या घरावरचं बिनभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांच्या वर नेता येत नाही. पाणी तोडण्याची शिक्षा तर उपविधींत कुठेच नाही. मग बहुमताला अर्थ काय, असा प्रश्न येईल. अर्थ आहे, पण आखलेल्या चौकटीत. कुत्रा साखळीने बांधून न्यावा, त्याची घाण मालकाने उचलावी, फर्निचरची ठोकाठोक अमुक वेळेतच करावी, असे नियम सभा करू शकते. ते मोडणाऱ्याला नोटीस देऊन, त्याचं म्हणणं ऐकून घेऊन दंडही करता येतो. आदर्श उपविधींत एका आर्थिक वर्षात त्याची कमाल मर्यादा 5000 रुपये आहे. सतत उपविधी मोडणाऱ्याला सभासदत्वावरून काढण्याची तरतूदही आहे. मात्र त्यासाठी हजर सभासदांपैकी तीन चतुर्थांश मतं आणि निबंधकांची मान्यता लागते. ती चढण मुद्दाम अवघड ठेवली आहे, आणि ते योग्यच आहे. माणसाचं घर पणाला लागलेलं असताना साध्या बहुमतावर विसंबणं धोक्याचं ठरेल.

यावर सर्वात जोरदार आक्षेप असा, की काही जण मुद्दामच त्रास देतात आणि कमिटी त्यांच्याच बाजूची असते, तिथे चाचण्या आणि उपविधी काय कामाचे? पोलिसांत एनसी नोंदवली की सरळ होतील, असं तेव्हा वाटतं. पण एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्यात तपास करता येत नाही. सार्वजनिक उपद्रवाला भारतीय न्याय संहितेत शिक्षा आहे ती 1000 रुपयांपर्यंतच्या दंडाची. धमकी किंवा मारहाण झाली तर मात्र कमिटीच्या बैठकीची वाट बघू नये, लगेच 112 वर फोन करावा. घरातली भिंत पाडली, सामायिक पॅसेज अडवून बांधकाम केलं, तर तक्रार महापालिकेकडे. गळती, पार्किंग, कमिटीचे ठराव यांवरचे वाद सहकार कायद्याच्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात जातात. तिथे निकालाला वेळ लागतो, हे खरं. पण अंतरिम आदेश मागता येतो, आणि तो मिळण्याची शक्यता कागदांवर अवलंबून असते. प्लंबरचा लेखी अहवाल, तारखेसह फोटो आणि कमिटीला दिलेल्या अर्जाची पोच हातात असेल, तर पक्षपाती सेक्रेटरीलाही नाही म्हणणं जड जातं. उपविधींनुसार लेखी तक्रारीवर कमिटीने पुढच्या बैठकीत निर्णय घेऊन त्यानंतर पंधरा दिवसांत तो कळवायचा असतो. तोंडी तक्रारीला ही मुदतच लागू करता येत नाही.

यातलं सहकार कायद्याचं सगळं फक्त नोंदणीकृत सहकारी संस्थेला लागू आहे. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट, 1970 खालच्या इमारतींनाही, आणि पुण्यात अशा बऱ्याच आहेत, लोक बोलताना सोसायटीच म्हणतात. पण तिथले हक्क आणि नियम त्या इमारतीच्या घोषणापत्रातून आणि तिच्या स्वतःच्या उपविधींतून येतात. आपली इमारत कोणत्या कायद्याखाली आहे, हे कमिटीकडच्या नोंदणीच्या कागदांवरून कळतं. अर्जात कलम लिहिण्याआधी ते बघून घ्यावं.