मशीनवर अचूक गोल कसा शिवायचा? गोधडीसाठी पिनची युक्ती

नवी मुंबईच्या दमट हवेत जाड रजईपेक्षा सुती गोधडी बरी. पण आईच्या जुन्या साडीवर गोल चुकला, तर उसवावा लागतो आणि विरलेल्या कापडावर सुईची भोके राहतात. म्हणून आधी चिंधीवर सराव करा.

गोल वाकडा का होतो?
सुईखालचे दाते कापड सरळच सरकवतात. वळवावे लागते हाताने. हात अडखळला की रेघ मोडते.

उपाय काय?
ड्रॉइंग पिन टोक वर करून सुईच्या डावीकडे, अगदी तिच्या रेषेत, टेबलावर चिकटपट्टीने बसवा. अंतर ५ इंच ठेवले, तर गोल १० इंचांचा येतो. कापडाचा मध्य त्या टोकावर टोचा, वर खोडरबराचा तुकडा लावा. मशीन हळू चालवा. कापड ओढू नका, ते पिनभोवती फिरत जाते. शेवटी सुरुवातीच्या टाक्यांवर ३-४ टाके घ्या.

टोके जुळली नाहीत तर?
पिन सुईच्या पुढे-मागे आहे का, ते पाहा. मऊ साडी ताणली जात असेल, तर खाली पातळ कोरा कागद ठेवा. शिवून झाल्यावर तो फाडून काढा.

जाड गोधडीचे काय?
गोल आधी वरच्या थरावर शिवा. मग सगळे थर एकत्र करून नेहमीसारखा हाताने धावदोरा घाला.