ऑटोमॅटिक गाडीतला ‘एम’ कशासाठी असतो? माळशेज उतरण्याआधी हे वाचा

दिवा : शिळफाट्यापासून कल्याणपर्यंत गाडी चालवणाऱ्याला डाव्या पायाचं दुखणं वेगळं सांगायला नको. क्लच दाबा, सोडा, दहा फूट पुढे जा, परत दाबा. म्हणूनच दिवा, दातिवली, शीळ, खिडकाळी भागात आता बऱ्याच दारांत क्लच नसलेल्या गाड्या उभ्या दिसतात. शोरूमवाला चावी देताना सांगतो, ‘डी’ला टाका आणि चालवा. माणूस तेवढंच लक्षात ठेवतो. पण त्याच दांड्याशेजारी ‘एम’ लिहिलेलं असतं, बाजूला प्लस-मायनसच्या खुणा असतात. त्याला कित्येकांनी कधी हातही लावलेला नसतो.

शहरात त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते पावसाळ्यात, घरची मंडळी घेऊन माळशेजला गेल्यावर. चढताना गाडी कशीबशी चढते. परतीच्या वाटेला मुरबाडकडे उतरताना मात्र पाय सारखा ब्रेकवर. दोन-चार वळणं झाली की जळका वास येतो आणि मागच्या सीटवरून कुणीतरी विचारतं, “अहो, हा वास कसला?”

तो वास ब्रेकचा असतो. ब्रेक म्हणजे घर्षण, आणि घर्षण म्हणजे उष्णता. सतत दाबून धरला तर ब्रेकचे पॅड आणि डिस्क तापतात, ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत जाते. साधं डॉट ३ ऑइल नवं असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पण हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि ओलावलेलं ऑइल १४० अंशांच्या आसपासच उकळू शकतं. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. मग पेडल मऊ लागतं, पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत वर्षानुवर्षं तेच ऑइल ठेवणाऱ्यांनी हे आकडे जरा लक्षात ठेवावेत.

जुने एसटी आणि ट्रकचे ड्रायव्हर एक गोष्ट सांगत आले आहेत : ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक गाडीत हे करायची सोय म्हणजेच ‘एम’, मॅन्युअल. क्लच दाबायचं काम यंत्रच करतं, पण कुठला गिअर हवा ते तुम्ही ठरवता.

‘डी’मध्ये असं का होत नाही? उतारावर तुम्ही ॲक्सिलरेटर सोडता तेव्हा गाडीच्या संगणकाला वाटतं, आता ताकदीची गरज नाही. तो वरचा गिअर टाकतो, चौथा, पाचवा. वरच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला धरत नाही, गाडी सुटते, मग तुम्ही ब्रेक दाबता. काही नव्या गाड्या उतार ओळखून गिअर खाली ठेवतात, पण सगळ्याच नाही. ‘एम’ला टाकून मायनसने दुसरा किंवा तिसरा गिअर घेतला की चाकांना इंजिन फिरवावं लागतं. त्या ओढीने वेग आपोआप आवरतो. ब्रेक लागतो तो फक्त वळणाच्या आधी, थोडा वेळ.

इथे इंजिनाचा आवाज वाढतो आणि नवखा माणूस घाबरतो. घाबरायचं कारण नाही. काट्यावर तीन-साडेतीन हजार फेरे दिसले तरी इंजिनाला त्याची सवय असते. चुकून फारच खालचा गिअर मागितलात तर संगणक तो घेतच नाही. वेग अगदी कमी झाला तर स्वतःच खाली येतो आणि गाडी थांबली की पहिला टाकतो.

डिझेल-पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे अजूनही भेटतात. हा हिशेबच चुकीचा आहे. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की तेलाचा फवारा बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला तेल जळतच राहतं. म्हणजे वाचत काही नाही, वर गाडीला धरणारं इंजिनही सुटतं.

हे यंत्र आलं कुठून, तेही गमतीचं आहे. १९८९ साली फेरारीने फॉर्म्युला वन शर्यतीत स्टिअरिंगमागच्या पट्टीने गिअर बदलणारी गाडी उतरवली आणि ब्राझीलची पहिलीच शर्यत जिंकली. त्या यंत्रणेत इटलीच्या मॅग्नेटी मरेली कंपनीचा हात होता. त्याच कंपनीची एएमटी यंत्रणा २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओत बसली आणि स्वस्त ऑटोमॅटिक आपल्याकडे आलं. एएमटी म्हणजे आत साधाच गिअरबॉक्स आणि साधीच क्लच प्लेट, फक्त ती हलवायला यंत्राचा हात.

आणि क्लच प्लेट आहे म्हणूनच आणखी एक सवय मोडायला हवी. मुंब्रा बायपासच्या चढावर ट्रकमागे अडकल्यावर काही जण ॲक्सिलरेटर किंचित दाबून गाडी जागेवर धरतात. एएमटीत याने प्लेट घासत राहते. थांबायचं तर ब्रेक दाबा, जास्त वेळ असेल तर हँडब्रेक ओढा. बहुतेक एएमटी गाड्यांना ‘पी’ नसतो, तेव्हा चढावर उभी करताना पहिल्यात आणि उतारावर ‘आर’मध्ये ठेवून हँडब्रेक लावा. ‘एन’मध्ये सोडून जाऊ नका.

सगळ्या ऑटोमॅटिक सारख्या नसतात. सीव्हीटी गाडीत खरे गिअर नसतातच, एक पट्टा असतो. तिथे ‘एम’ऐवजी ‘एल’ किंवा ‘एस’ असू शकतं, उतारावर तेच वापरायचं. काहींना स्टिअरिंगमागे दोन पट्ट्या असतात. २०२२ च्या ब्रेझा आणि एर्टिगाच्या ऑटोमॅटिकमध्ये त्या आहेत. प्लस पुढे ढकलून की मागे ओढून, हेही कंपनीगणिक बदलतं. दांड्याजवळची खूण बघा. गाडीसोबत आलेलं पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकमध्येच पडून असतं, ते एकदा उघडा.

शिकायचं कुठे? दिवा स्टेशनजवळच्या गर्दीत नक्कीच नाही. सकाळी लवकर एखाद्या मोकळ्या, सपाट रस्त्यावर जा. ‘डी’मध्ये तीसच्या वेगाने चालवा आणि चालत्या गाडीतच दांडा ‘एम’ला घ्या. त्यासाठी थांबावं लागत नाही. थांबून, ब्रेक दाबून करायचं ते फक्त ‘आर’. मग प्लस, मायनस करून मीटरवरचा आकडा बदलताना पाहा. एएमटी गिअर बदलताना क्षणभर अडखळते. तेवढ्यापुरता ॲक्सिलरेटर हलका सोडलात तर धक्का कमी बसतो. दोन-तीन दिवसांत कानाला कळायला लागतं.

चढालाही ‘एम’ कामाचा. ‘डी’मध्ये गाडी तिसरा टाकते, ताकद पुरत नाही म्हणून दुसरा घेते, परत तिसरा. दुसऱ्यात धरून ठेवलीत की ही ओढाताण थांबते. ट्रकला ओलांडायचं असेल तर आधी एक गिअर खाली घ्या, मग बाहेर पडा. अर्ध्यावर गेल्यावर यंत्राची वाट बघत बसू नका.

आणि उतरताना पेडल मऊ लागलंच, तर पंपासारखं भराभर दाबा, मायनसने एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा आणि गाडी डोंगराच्या बाजूला घ्या. दरीच्या बाजूला नाही. थांबल्यावर अर्धा तास थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतू नका, ती वाकडी होते. घाट संपून टोकावड्याच्या सपाटीला लागलात की दांडा परत ‘डी’ला घ्या.