उत्तर बसले, पण फोड जमली का?

गूढ शब्दकोडी : लेखांक ६

माझे मामा माटुंग्याला राहत. सकाळचा चहा झाला की इंग्रजी वर्तमानपत्राची चौकोनी घडी घालून गूढ शब्दकोडे सोडवायला बसत. उत्तर सापडले की घरे भरायची आणि लगेच समासात त्या क्लूची फोड लिहायची, ही त्यांची रीत. फोड जमली नाही, तर उत्तराशेजारी पेन्सिलीने एक टिंब. दुसऱ्या दिवशीच्या अंकात तेच उत्तर छापून आले, तरी टिंब खोडले जात नसे. ते उत्तर का, हे कळेपर्यंत टिंब तिथेच राही. आजचा लेख त्या टिंबासाठी.

मराठी दैनिकांतली बहुतेक शब्दकोडी सरळ असतात. अर्थ दिलेला असतो, शब्द ओळखायचा. गूढ कोड्याचा क्लू बहुधा तोच शब्द दोनदा सांगतो. एका टोकाला अर्थ असतो आणि उरलेल्या भागात त्या शब्दाची घडण. ही पद्धत इंग्रजी वर्तमानपत्रांतली, पण समजावून घ्यायला मराठी क्लू बरा. एक रचून बघू:

नगर-मनमाडमध्ये तापलेले (३)

वाचताच मे महिन्यातली दुपार दिसते. कोपरगावच्या अलीकडे एसटी बंद पडली आहे आणि इंजिनातून वाफ निघते आहे. हे चित्र उभे करणे कोडेकाराचे काम आणि ते पुसून टाकणे आपले. कंसातला आकडा तीन अक्षरे सांगतो. ‘मध्ये’ म्हणजे दोन गावांच्या दरम्यान नव्हे, त्या अक्षरांच्या आत. न-ग-र-म-न-मा-ड. दुसऱ्या अक्षरापासून तीन उचला : गरम. ‘तापलेले’ हा त्याचा अर्थ. क्लूमधला प्रत्येक शब्द कामाला लागला, एकही रिकामा बसला नाही.

आता समजा, कोणी इथे ‘कढत’ लिहिले. अक्षरे तीनच आहेत, अर्थही जुळतो, उभ्या शब्दांची अक्षरे अजून आलेली नाहीत. मग नगर आणि मनमाड कशाला आले? याला जबाब नाही. इथे टिंब द्यायचे आणि पुन्हा विचार करायचा. नवे लोक इथेच फसतात. अर्थ जुळला की त्यांना कोडे सुटल्यासारखे वाटते आणि पुढची तीन-चार उत्तरे त्या एका चुकीवर रचली जातात.

अर्थात फोड करता येईल असा क्लू देणे ही कोडेकाराचीही जबाबदारी आहे. लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये १९२६ पासून एडवर्ड पॉइस मॅदर्स ‘टॉर्केमाडा’ या नावाने कोडी रचत. बुद्धी अफाट, पण त्यांचे क्लू पुष्कळदा असे की उत्तर हाती आल्यावरही फोड अंदाजानेच करावी लागे. १९३९ मध्ये ते वारले आणि डेरिक मॅकनट हे शाळामास्तर ‘झिमेनिझ’ नावाने त्या जागी आले. १९६६ मध्ये त्यांनी कोडी रचण्याच्या कलेवर पुस्तकच लिहिले. त्यांच्या शिस्तीचे सार एवढेच : अर्थ नेमका हवा, घडण प्रामाणिक हवी आणि क्लूमध्ये त्यापलीकडे काही नको. वाचणाऱ्याला चकवा जरूर द्या, पण शब्द न् शब्द तपासला तर तो खरा निघाला पाहिजे. मला हीच शिस्त मान्य आहे.

टॉर्केमाडा आणि झिमेनिझ ही दोन्ही नावे स्पेनमध्ये धर्माच्या नावाने लोकांचा छळ करणाऱ्या न्यायाधीशांची. १९७२ पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये कोडी रचणाऱ्या जोनाथन क्राउदर यांनी तशाच एका न्यायाधीशाचे, डेझाचे, नाव उलटे करून ‘अझेड’ हे नाव घेतले. इंग्रजीत एकेक वर्ण उलटतो, म्हणून डेझाचा अझेड झाला. मराठीत उलटते ते अख्खे अक्षर, त्याच्या मात्रेसकट. मराठीत डेझा उलटला तर ‘झाडे’ होतील. म्हणून ‘गरीब उलटल्यावर वाहणारी (२)’ या क्लूमध्ये ‘दीन’ उलटवायचा आणि ‘नदी’ मिळवायची.

काही क्लूंत घडण वेगळी नसते, अख्खा क्लूच चकवणारा अर्थ असतो. इंग्रजीतला तसा एक गाजलेला क्लू पाहा : ‘डाय ऑफ कोल्ड’ (३,४). वाचणारा थंडीने मरण्याचा विचार करतो. पण ‘डाय’ म्हणजे फासाही. फासा घनाकृती, म्हणून थंडीचा घन. उत्तर ‘आइस क्यूब’. तीनच शब्द, आणि क्रियापदाचे नाम झाले की सगळे उलगडते.

आपल्याकडे ‘द हिंदू’ची सुरुवातीची कोडी अॅडमिरल रामदास कटारी यांनी रचली. भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख ते हेच. ते कोडे आजही येते.

दैनिके दुसऱ्या दिवशी उत्तरे छापतात, फोड मात्र क्वचितच देतात. ती निदान आठवड्यातून एकदा द्यावी, अशी संपादकांना विनंती आहे. दोन ओळींची फोड वाचून नवा माणूस जेवढे शिकेल, तेवढे भरलेल्या घरांकडे बघून शिकणार नाही.

या आठवड्याचा गृहपाठ : शंभर लाखांचा विनोद (२). यात काही लपवलेले नाही, काही उलटवलेले नाही. दोन्ही बाजूंना अर्थच आहे. उत्तर फोडीसकट लिहून ठेवा, पुढच्या लेखांकात ताडून पाहू. फोड जमली नाही, तर शेजारी टिंब द्या.