योगाभ्यासाचा आरंभ आणि नवशिक्याची शब्दसमजूत

योगाभ्यासास आरंभ करणारा मनुष्य बहुधा एखाद्या शारीरिक तक्रारीने त्याकडे वळलेला असतो. पाठ धरते, रात्री झोप लागत नाही, किंवा बैठ्या कामाने अंग जड झालेले असते. अशा वेळी तो एखाद्या वर्गात जातो किंवा सचित्र पुस्तक समोर ठेवून घरीच सुरुवात करतो. चित्रात आसनाची शेवटची स्थिती तेवढी दिसते. तेथवर कसे जावयाचे हे शब्दच सांगतात. आणि येथेच मराठी भाषिकाची एक विशेष अडचण असते. योग, आसन, प्राणायाम, हठ हे सारे शब्द त्याच्या रोजच्या ओळखीचे असतात. परक्या शब्दाचा अर्थ मनुष्य विचारून घेतो. ओळखीच्या शब्दाचा विचारीत नाही. नवशिक्याच्या पुष्कळशा दुखापतींचे मूळ या न विचारलेल्या अर्थांत असते, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रथम ‘योग’ हा शब्दच घेऊ. संस्कृत धातुपाठात ‘युज्’ हा धातू निरनिराळ्या गणांत येतो. रुधादिगणात त्याचा अर्थ जोडणे असा आहे, तर दिवादिगणात समाधी असा आहे. पतंजलीच्या सूत्रांवरील व्यासभाष्यात योग म्हणजे समाधी असेच सांगितले आहे. मराठीत मात्र ‘योग’ जुळून येतो, ‘योग’ असावा लागतो. तेथे दैवाचा किंवा ग्रहांचा संबंध अभिप्रेत असतो. अर्थांची ही फारकत नवशिक्यास तितकीशी बाधक नाही. खरी बाधा पुढच्या शब्दापासून सुरू होते.

‘आसन’ हा शब्द ‘आस्’ म्हणजे बसणे या धातूपासून आला आहे. पतंजलीने आसनाविषयी अवघी तीन सूत्रे लिहिली. त्यांत एकाही आसनाचे नाव नाही. शरीराची जी स्थिती स्थिर असेल आणि सुखाची असेल ती आसन, एवढेच लक्षण तो देतो; आणि ती स्थिती प्रयत्न सैल केल्याने साधते, असे लगेच पुढे सांगतो. सुख हे येथे साधनेचे फळ म्हणून सांगितलेले नाही, तर ते लक्षणातच घातलेले आहे. म्हणजे ज्या स्थितीत मांड्या थरथरतात, दात आवळले जातात आणि श्वास अडकतो, ती चित्रातल्यासारखी हुबेहूब दिसली तरी या व्याख्येने आसनच नव्हे.

मराठीतील क्रियापदांची योजना या संदर्भात फार बोलकी आहे. तालमीत जोर काढतात, बैठका मारतात, सूर्यनमस्कार घालतात. या सर्वांची मोजदाद संख्येने होते. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा जो मोठा प्रसार केला, त्यामुळे महाराष्ट्रातील अनेक घरांत ‘किती घातले?’ हा प्रश्न रूढ झाला. नमस्काराच्या बाबतीत तो प्रश्न योग्यच आहे, कारण तो गतियुक्त व्यायाम आहे. परंतु आसन ‘मांडावयाचे’ असते. मांडलेली वस्तू काही काळ तेथे राहावी लागते. आसन संख्येने मोजावयाचे नसून काळाने मोजावयाचे आहे. सकाळच्या घाईत अर्ध्या तासात वीस आसने उरकणारा मनुष्य वस्तुतः तालमीचेच क्रियापद घेऊन योगाच्या सतरंजीवर आलेला असतो.

‘हठ’ या शब्दाने तर याहून अधिक घोटाळा केला आहे. कोशात त्याचा अर्थ बळ, जबरदस्ती असा आहे, आणि मराठीतील ‘हट्ट’ त्याच कुळातला. ‘ह’ म्हणजे सूर्य आणि ‘ठ’ म्हणजे चंद्र, ही परंपरेने दिलेली फोड सर्वपरिचित आहे. ती सांकेतिक आहे, व्युत्पत्ती नव्हे. तथापि हठयोग म्हणजे शरीराशी केलेला हट्ट, असे मानणाऱ्याने त्या मार्गाचा मुख्य ग्रंथच पाहावा. सुमारे पंधराव्या शतकातील स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत अतिआहारानंतर लगेच क्रम लागतो तो अतिश्रमाचा, आणि नियमांचा अवाजवी आग्रहही त्याच यादीत आहे. ज्या ग्रंथाच्या नावातच ‘हठ’ आहे तो ग्रंथ आग्रहाचा निषेध करतो, ही गोष्ट पहिल्याच दिवशी नवशिक्याच्या कानावर घालावयास हवी.

आसनांची नावे हीसुद्धा बेभरवशाची खूण आहे. आज वज्रासन म्हटले की गुडघे दुमडून टाचांवर बसणे, असाच अर्थ घेतला जातो. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मात्र टाचेने शिवणीवर दाब देऊन बसण्याची जी मूळबंधाची रीत वर्णिली आहे, तिचेच गौण नाव वज्रासन असे सांगितले आहे. हठप्रदीपिकाही सिद्धासनास कित्येक जण वज्रासन म्हणतात अशी नोंद करते. एकाच नावाखाली अशा दोन अगदी निराळ्या बैठका आल्यामुळे जुना ग्रंथ आणि नवे पुस्तक एकत्र वाचणाऱ्याचा गोंधळ होणे साहजिक आहे. तेव्हा नावावर न जाता टाच कोठे, गुडघा कोठे, भार कशावर, एवढे आधी पाहावे.

शास्त्रीय परिभाषा अशी दगा देत असताना घरगुती मराठी मात्र या कामी मोठा आधार देते. शरीरवेदनेसाठी मराठीत जे बारीक भेद करणारे शब्द आहेत त्यांचा उपयोग नवशिक्याने निःसंकोच करावा. पुढे वाकताना मांडीच्या मागे ‘ताण’ जाणवला तर तो अपेक्षितच आहे. तेथेच थांबून दोन-चार श्वास घ्यावेत. ‘कळ’ आली किंवा ‘चमक’ निघाली, विशेषतः गुडघ्यात, कमरेत अथवा मानेत, तर आसन तेथेच संपले असे समजावे. मांडी घालून बसल्यावर पायास ‘मुंग्या’ आल्या तर पाय मोकळे करावेत. पोटरीत ‘गोळा’ आला तर चवडा आपल्याकडे ओढावा. कमरेत ‘उसण’ भरली असेल तर त्या दिवशी वाकण्याची आसने करूच नयेत. हे सारे शब्द ‘दुखते’ या एकाच शब्दात कोंबून सांगणारा विद्यार्थी शिक्षकाला काहीच सांगत नाही, आणि ‘थोडे दुखणारच’ असे म्हणणारा शिक्षकही तितकाच अपुरा बोलतो.

श्वासाविषयीही असेच आहे. प्राणायामातील ‘आयाम’ याचा नियमन हा अर्थ आहे तसा विस्तार हाही आहे. नवशिक्या पहिलाच तेवढा घेतो आणि नाक दाबून श्वास कोंडू लागतो. पतंजलीने आसन साधल्यावर मगच प्राणायाम सांगितला आहे. हठप्रदीपिकेत तर वाघ, सिंह आणि हत्ती यांना जसे हळूहळू माणसाळवावे लागते तसा श्वास वश करावा, नाही तर तो साधकाचाच घात करतो, असा इशारा आहे. प्रारंभी पूरक आणि रेचक पुरेत. कुंभक दूर ठेवावा. श्वास सोडल्यावर पुढचा श्वास गिळल्यासारखा घ्यावा लागला तर आधीचा रेचक फाजील लांबला होता, हे ओळखावे.

लोणावळ्यास १९२४ साली कैवल्यधामाची स्थापना करून स्वामी कुवलयानंद यांनी यौगिक क्रियांचे परिणाम क्ष-किरण व दाबमापक यंत्रांच्या साहाय्याने तपासण्यास आरंभ केला, तेव्हापासून योगाची चर्चा शरीरशास्त्राच्या भाषेतही होऊ लागली. त्या भाषेतील काही गोष्टी नवशिक्याने टाळता कामा नयेत. रक्तदाब वाढलेला असेल, काचबिंदू असेल किंवा मानेच्या मणक्यांचा विकार असेल, तर शीर्षासन व सर्वांगासन करू नये. हृद्रोग असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून आरंभच करू नये. इतरांनीही पहिले काही महिने डोके खाली करण्याच्या आसनांच्या वाटेस जाऊ नये.

जेवणानंतर तीन-चार तास गेलेले असावेत, खाली सतरंजी किंवा जाड चटई असावी. आरंभास ताडासन, पवनमुक्तासन, भुजंगासन आणि शेवटी शवासन एवढी आसने पुरेशी आहेत. पंधरा-वीस मिनिटे, पण रोज. गुडघे धड असतील तर वज्रासन करावे. नसतील तर खुर्चीवर ताठ बसण्यात कमीपणा नाही, कारण स्थिरता आणि सुख ही दोन्ही लक्षणे तेथेही लागू पडतात.

राहता राहिले ‘सोडणे’ हे क्रियापद. वर्गात ते सारखे कानी पडते आणि प्रत्येक वेळी निराळा अर्थ घेऊन येते. ‘श्वास सोडा’ म्हणजे बाहेर टाका. ‘पाय सोडून बसा’ म्हणजे समोर लांब करा. ‘अंग सोडा’ म्हणजे सैल करा. ‘आसन सोडा’ म्हणजे मूळ स्थितीस या. पहिल्या तिन्ही सूचना विद्यार्थी नीट पाळतो. चौथी ऐकताच मात्र हातातली वस्तू टाकावी तसे आसन टाकून देतो, आणि कमरेत चमक भरते ती पुष्कळदा याच क्षणी. भुजंगासनातून उतरताना आधी छाती, मग हनुवटी किंवा कपाळ जमिनीस टेकावे; चढताना जितका वेळ लागला तितकाच उतरताना द्यावा. शवासनातून तर एकदम उठून बसूच नये. आधी हातापायांची बोटे हलवावीत, मग एका कुशीवर वळावे, क्षणभर तसेच राहावे, आणि हाताचा आधार घेऊन डोके सर्वांत शेवटी वर आणावे.