अतिजलद हृदयस्पंदनामागील यंत्रणांचे निदान : मांडवा किनाऱ्याच्या संदर्भात

रायगड जिल्ह्यातील मांडवा येथून मुंबई समुद्रमार्गे सुमारे तासाभराच्या अंतरावर आहे. २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा सुरू झाल्यावर रुग्णास वाहनासह नेणेही शक्य झाले. तथापि छातीत एकाएकी धडधड सुरू होऊन नाडी मिनिटाला १८० ठोक्यांपर्यंत जाते व तशीच एकाएकी पूर्ववत होते, अशा विकारात हा तासही निदानाच्या दृष्टीने फार मोठा ठरतो. रुग्ण मुंबईत पोहोचेपर्यंत झटका ओसरलेला असतो, ईसीजी निर्दोष येतो आणि ‘मनाचा घोर’ म्हणून रुग्णाची, त्यातही स्त्री रुग्णाची, बोळवण होते. प्रस्तुत लेखात या स्पंदनामागील यंत्रणा कोणत्या व त्या कशा ओळखल्या जातात, याचा ऊहापोह केला आहे.

यंत्रणा मुख्यतः तीन आहेत. पहिली वाढीव स्वयंचलतेची : हृदयातील एखादा पेशीसमूह स्वतःच वेगाने विद्युत्स्पंद निर्माण करू लागतो. येथे वेग क्रमाने चढतो व क्रमाने उतरतो. दुसरीत आधीच्या ठोक्याच्या मागोमाग उमटणारा विद्युत्तरंग नवा ठोका घडवितो. डिगॉक्सिनच्या विषबाधेत हे दिसते. तिसरी, आणि व्यवहारात सर्वाधिक आढळणारी, पुनःप्रवेशाची. १९१३ मध्ये जॉर्ज माइन्स यांनी प्राण्यांच्या हृद्स्नायूच्या कड्यात तरंग फिरता ठेवून ती दाखविली. दोन वाटा हव्यात, त्यांपैकी एक एका दिशेने बंद हवी आणि तरंग इतका मंद चालावा की तो परत येईपर्यंत पुढचा स्नायू पुन्हा उद्दीपनक्षम झालेला असावा. एवढे जुळले की एक अवेळी ठोका हे चक्र सुरू करतो आणि दुसरा ते मोडतोही. आरंभ व शेवट एकाएकी होण्याचे कारण हेच.

निदानाचा आरंभ झटका चालू असतानाच्या ईसीजीपासून होतो. निलयाचे तरंग अरुंद असून लय नियमित असल्यास प्रथम व्हाल्साल्व्हा क्रिया करवितात. कुंथल्यानंतर रुग्णास आडवे करून पाय वर उचलल्यास तिचा गुण वाढतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिव्हर्ट चाचणीत ही लय ४३ टक्के रुग्णांत पूर्ववत झाली, नेहमीच्या पद्धतीने १७ टक्के. त्यानंतर अ‍ॅडेनोसिन. हे औषध एव्ही नोड काही सेकंद रोखते, म्हणून ते उपचाराइतकेच परीक्षेचेही साधन आहे. झटका थांबला तर चक्र बहुधा त्या गाठीतून जात होते. निलय थांबूनही अलिंदाचे तरंग चालूच राहिले, तर उगम अलिंदात आहे. मात्र रुंद आणि अनियमित तरंगांत हे औषध घातक ठरू शकते, आणि रक्तदाब ढासळला असेल तर निदान मागे ठेवून विद्युत्धक्काच द्यावा लागतो.

पुढील उलगडा विद्युत्शारीरिक प्रयोगशाळेत होतो. मांडीतील शिरेतून हृदयात तारा नेऊन मोजून-मापून अवेळी ठोके दिले जातात. ही पद्धत १९६७ पासून रूढ झाली. झटका चालू असताना त्याहून किंचित जलद ठोके देऊन अचानक थांबतात व पहिला तरंग तारेच्या टोकाशी किती वेळाने परततो, हे पाहतात. चक्राचा काळ ३५० मिलिसेकंद असून तरंग ३६० मध्ये परतला, तर तारेचे टोक चक्रातच आहे. ४५० लागले, तर ते आडवाटेला आहे. शोधाची ही रीत मला या शास्त्रातील सर्वांत सुंदर भाग वाटते.

यंत्रणा कळली की उपचाराची जागा कळते. मे १९६८ मध्ये ड्यूक विद्यापीठात विल सीली यांनी जन्मजात जादा वाट शस्त्रक्रियेने प्रथम यशस्वीपणे तोडली. रुग्ण नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरील ३२ वर्षांचा मच्छीमार होता. कोळीवाड्यांच्या शेजारी राहणाऱ्यांस हा तपशील अप्रस्तुत वाटू नये. आज तेच काम छाती न उघडता, तारेच्या टोकाच्या उष्णतेने होते.

प्रयोगशाळेत झटका प्रत्येक वेळी उद्भवतोच असे नाही. शामक औषधाखाली स्वयंचलतेचा विकार बरेचदा दडून राहतो. अशा वेळी गावाजवळच्या दवाखान्यात झटक्याच्या वेळी काढलेली ईसीजीची पट्टी हाच हाती असलेला पुरावा असतो. अ‍ॅडेनोसिन देताना पट्टी अखंड चालू ठेवावी आणि ती संपूर्ण रुग्णासोबत बोटीने पाठवावी.