व्याख्यान पद्धतीतील विद्यार्थ्यांचा सक्रिय सहभाग : पदवी स्तरावरील अर्थशास्त्र अध्यापनाच्या संदर्भात

प्रस्तावना :

महाविद्यालयीन स्तरावर व्याख्यान हीच आजही अध्यापनाची प्रमुख पद्धती आहे. वर्गातील मोठी विद्यार्थिसंख्या, एका जागी खिळलेली बाके आणि सत्रात पूर्ण करावयाचा अभ्यासक्रम यांचा विचार करता ती टाळता येणे कठीण आहे. ती टाळावी असे प्रस्तुत लेखिकेचे मतही नाही. प्रश्न इतकाच आहे की ४८ मिनिटांच्या तासिकेत प्राध्यापक बोलत असताना विद्यार्थी नेमके काय करीत असतो? बहुतेक वेळा तो लिहून घेत असतो. अध्यापनाच्या पहिल्या काही वर्षांत लेखिकेने स्वतः मन लावून टिपणे उतरवून दिली. वर्ग शांत असे, विद्यार्थी समाधानी असत आणि चाचणीच्या उत्तरपत्रिकांत तीच वाक्ये परत येत. प्रश्न जरा फिरवून विचारला की मात्र उत्तर थांबत असे. या अनुभवातून सुरू झालेल्या काही प्रयोगांचे विवेचन येथे केले आहे.

संकल्पना व संशोधन :

बॉनवेल व आयसन यांनी १९९१ मध्ये सक्रिय अध्ययनाची जी मांडणी केली, तिचा आशय असा की विद्यार्थ्याने काही कृती करावी आणि आपण काय करीत आहोत याचा विचारही करावा. यातील दुसरा भाग सहसा विसरला जातो. टाळ्या, खेळ, गटचर्चेचा गलबला यांमुळे वर्ग जागा दिसतो. तो विचार करतोच असे नाही. उलट गप्प बसलेला विद्यार्थी मनात उदाहरण सोडवीत असू शकतो.

फ्रीमन व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांतील २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत अनुत्तीर्णांचे सरासरी प्रमाण सुमारे ३४ टक्के, तर सक्रिय अध्ययनाच्या वर्गांत सुमारे २२ टक्के आढळले. हे आकडे कला व वाणिज्य शाखांना जसेच्या तसे लावणे योग्य होणार नाही, तथापि त्यांतून मिळणारी दिशा दुर्लक्षिण्यासारखी नाही.

प्रश्न आणि प्रतीक्षा :

‘समजले का?’ हा आपल्या वर्गांत सर्वाधिक विचारला जाणारा आणि सर्वांत निरुपयोगी प्रश्न होय. त्याला ‘हो मॅडम’ याखेरीज उत्तर नसते. खरा प्रश्न विचारला तरी आपण थांबत नाही. मेरी बड रो यांनी अमेरिकेतील शालेय विज्ञान वर्गांचे निरीक्षण केले, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात असे त्यांना आढळले. ही प्रतीक्षा ३ सेकंदांपर्यंत वाढविल्यावर उत्तरे दीर्घ झाली आणि आपणहून बोलणाऱ्यांची संख्या वाढली. वाचताना ३ सेकंद क्षुल्लक वाटतात. फळ्यापाशी उभे राहून ते मोजून पाहावेत.

सहाध्यायी अध्यापन : कांद्याचे उदाहरण

हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांना असे आढळले की त्यांचे विद्यार्थी अवघड गणिते सोडवीत. परंतु मूलभूत संकल्पनेवरील साध्या प्रश्नाला अडखळत. त्यातून १९९१ मध्ये त्यांनी वेगळी रीत सुरू केली. संकल्पनेवर एक बहुपर्यायी प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने एकट्याने विचार करून पर्याय नोंदवायचा, नंतर शेजाऱ्याला आपले उत्तर पटवून द्यायचे आणि पुन्हा पर्याय नोंदवायचा. पहिल्याच फेरीत बहुतेकांचे उत्तर बरोबर आले तर पुढे जावे. अगदी थोड्यांचेच आले तर चर्चेऐवजी पुन्हा समजावून सांगावे. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. छातीशी धरलेली बोटे पुरतात, म्हणजे शेजाऱ्याचे पाहून उत्तर बदलता येत नाही.

मागणीची लवचिकता शिकविताना लेखिकेने पुढील प्रश्न दिला : कांद्याचे पीक मुबलक आले, आवक वाढली आणि भाव कोसळले, इतर परिस्थिती कायम असता सर्व उत्पादकांचे मिळून एकूण उत्पन्न वाढेल, तेवढेच राहील की घटेल? निम्म्याहून अधिक वर्गाने ‘वाढेल’ हा पर्याय निवडला. भाव उतरला की मागणी वाढते, हा नियम आदल्याच आठवड्यात झाला होता. ‘वाढेल’ म्हणणाऱ्यांत घरी कांदा पिकविणारी एक विद्यार्थिनीही होती. घरी काय अनुभव आहे असे विचारता ती म्हणाली, “घरी तर कमीच आले, मॅडम. पण परीक्षेत काय लिहायचे?”

हे वाक्य लेखिकेला आजही अस्वस्थ करते. घरातले ज्ञान उंबऱ्यापाशी ठेवून वर्गात यायचे असते, हे आपणच कधीतरी शिकविलेले असते.

त्यानंतरच्या पाच मिनिटांच्या चर्चेत मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने शेजाऱ्याला विचारले, “भाव पडला म्हणून कोणी दुप्पट कांदा खातं का?” कमी लवचिक मागणीचे इतके नेमके स्पष्टीकरण लेखिकेच्या टिपणांत नव्हते. मग फळ्यावर काल्पनिक आकडे मांडले. १०० क्विंटल, २००० रुपये भावाने, म्हणजे २ लाख रुपये. १२० क्विंटल, १००० रुपये भावाने, म्हणजे १ लाख २० हजार रुपये. व्याख्या शेवटी आली आणि ती उतरवून देण्याची गरज पडली नाही. चर्चा बोलीत होऊ द्यावी, परिभाषा नंतर द्यावी, असा धडा लेखिकेने यातून घेतला.

अडचणी :

अशा एका प्रश्नाला दहा-बारा मिनिटे लागतात. एका तासिकेत दोनांपेक्षा अधिक प्रश्न बसत नाहीत, त्यामुळे काही भाग वाचनासाठी सोडावाच लागतो. मिश्र वर्गात अनेक मुली मोठ्याने बोलत नाहीत. त्यांच्यासाठी तासिकेच्या अखेरीस ‘आज काय कळले नाही’ हे एका मिनिटात चिठ्ठीवर लिहून घेणे अधिक उपयुक्त ठरते. चिठ्ठीवर नाव नसावे आणि पुढच्या तासिकेचा आरंभ त्यांतील शंकांनीच व्हावा, अन्यथा दुसऱ्या आठवड्यापासून कोऱ्या चिठ्ठ्या येतात.

याहून बिकट अडचण वेगळी आहे. हार्वर्डमध्येच झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सक्रिय वर्गातील विद्यार्थी प्रत्यक्षात अधिक शिकले, परंतु आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले. सफाईदार व्याख्यान ऐकताना समजल्याचा भास होतो. स्वतः धडपडताना आपले अज्ञान जाणवते. ‘मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच विचारतात’ हा अभिप्राय लेखिकेलाही मिळाला आहे. कायम प्राध्यापकास तो सोसता येतो. तासिका तत्त्वावरील सहकाऱ्याच्या पुढील वर्षीच्या नियुक्तीवर मात्र अशा अभिप्रायाचे सावट पडू शकते. प्रयोगशीलतेचा आग्रह धरताना विभागप्रमुखांनी याची जाणीव ठेवली पाहिजे. सत्राच्या आरंभीच या पद्धतीचे कारण विद्यार्थ्यांना मोकळेपणाने सांगितल्यास त्यांचा विरोध ओसरतो, असे त्या अभ्यासातही दिसले आणि लेखिकेचा अनुभवही तसाच आहे.

राहता राहिली प्रश्नपत्रिका. ती व्याख्याच विचारत राहिली, तर विद्यार्थी पाठांतराकडेच वळणार. विद्यापीठाची प्रश्नपत्रिका आपल्या हाती नसली तरी अंतर्गत चाचणी असते. गेल्या सत्रात कांद्याऐवजी टोमॅटो घेऊन तोच प्रश्न लेखिकेने चाचणीत दिला आणि उत्तरात स्वतःच्या घरचे किंवा गावच्या बाजारातील एक उदाहरण लिहिणे अनिवार्य केले.